कलम अकरा

सुराणाकाकू जिन्यात मटार सोलत होत्या,
तिसऱ्या पायरीवर, थाळा मांडीत.
सहज विचारलं त्यांनी,
"सुवार्ता, तुमच्या बायबलात सरळ लिहिलंय का गं,
मांस खा म्हणून?"

काकू म्हणजे मुंगीला वाट देणारं माणूस.
प्रश्नात काटा नव्हता.
मीच अडले.

कसं सांगू, काकू,
आमचं पुस्तक या बाबतीत
गोदेतल्या दुतोंड्या मारुतीसारखं आहे,
एक तोंड पुराआधी बोलतं, एक पुरानंतर.

आधी बाग होती.
धान्य दिलं, फळं दिली, बीज धरणारं झाड दिलं,
कुणी कुणाच्या ताटात नव्हतं.
मग पाणी चढलं. गुडघे, कंबर, छाती,
मग मोजायलाही कुणी उरलं नाही.
नोहा चिखलात उतरला
तेव्हा पेरायला वीतभर कोरडी जमीन नव्हती.
तेव्हा देव म्हणाला, बरं, हलतं-चालतं खा आता,
फक्त रक्त नको, रक्तात जीव असतो.
मला ती परवानगी कधी मेजवानी वाटली नाही.
पूर ओसरल्यावर तलाठी वाटतो ना काहीबाही,
तशी वाटली.

शरणपुरात पप्पांच्या बायबलात
लेवीय उघडलं की हळदीचा अंगठा.
"उंट नको, ससा नको, डुक्कर नको,
बोकडाचं काही म्हणत नाही बघ,"
असं हसत पिशवी घेऊन भद्रकालीत.
यासीननं पाव किलो बाजूला ठेवलेलं असायचं,
पाच माणसांत पाव किलो, बाकी बटाटा.
आणि आईला नीतिसूत्रांतलं एकच पाठ,
द्वेषाच्या पुष्ट बैलापेक्षा प्रेमाची भाजी बरी.
तिनं ते म्हटलं
की आज मटण नाही, एवढं आम्हाला कळायचं.

गच्चीवर भुकेल्या पेत्रासमोर
आभाळातून चादर उतरली, तिच्यात सगळी जनावरं.
मी ती जेवणाची गोष्ट समजत होते.
गंगापूर रोडला घर शोधलं तेव्हा कळलं,
खाली दारात परकी माणसं उभी होती,
गोष्ट त्यांची होती.
मला तीन दारांनी आधी आडनाव विचारलं,
मग ताट.
चौथ्यानं करार पुढे केला. कलम अकरा.
सही केली. पेन त्याचंच होतं.

पौल लिहितो,
माझ्या खाण्यानं भाऊ अडखळणार असेल
तर मी मांस शिवणार नाही, कधीच.
मोठा माणूस.
पण त्यानं सोडलं ते प्रेमानं,
मी सोडलं ते डिपॉझिटसाठी.
पातेलं मात्र दोघांचं सारखंच रिकामं,
आणि वरून बघणाऱ्याला
यातला फरक दिसतो का, हे कुठल्याच अध्यायात नाही.

काकूंना यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, "दोन्ही लिहिलंय, काकू."
त्या म्हणाल्या, "मग अवघडच आहे तुमचं,"
आणि एक शेंग माझ्या हातात दिली.

रविवारी पप्पांकडे गेले.
ब्याऐंशी वर्षं, कवळी डबीत.
मासा मीच निवडून देते, काटा काटा बाजूला.
डोळे मिटून ते नेहमीचं सांगतात,
कबरेतून उठून आला तेव्हा
मित्रांना तो भूत वाटला.
त्यानं विचारलं, खायला आहे का काही?
भाजलेल्या माशाचा तुकडा दिला, त्यानं तो खाल्ला.
"भूत जेवत नाही, सुवार्ता," पप्पा म्हणतात,
आणि रस्सा हनुवटीवरून ओघळतो.

निघताना लिंबानं हात चोळले,
नखांखाली, मनगटापर्यंत, दोनदा.
तरी संध्याकाळी जिन्यात
काकूंनी मान वर केली,
नाकपुडी हलली, मला दिसली.
मी किल्ली शोधत राहिले पर्समध्ये,
उगाच.

मग त्यांनी थाळा उचलला,
थोडं भिंतीकडे सरकल्या,
आणि पायरीवर जागा झाली.
मी बसले.
शेंगा बऱ्याच होत्या.